कॅम्पर व्हॅन पहिल्यांदा चालवताना : थोडं मेकॅनिक्स, थोडी राजारामपुरी

'टेम्पो' हा शब्द आपण इतका आपलासा केलाय की तो मुळात एका जर्मन कंपनीचं नाव आहे हे सांगितलं तर हॉस्टेलवर कुणी विश्वास ठेवत नाही. हॅम्बुर्गची ही कंपनी. तिच्याबरोबर फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं १९५८ मध्ये आपल्याकडे तीनचाकी बनवायला घेतली, आणि कंपनीचं नाव गाडीला, गाडीचं नाव भाषेला चिकटलं. पुढे १९८७ मध्ये मर्सिडीजच्या डिझाइनवरून 'ट्रॅव्हलर' आली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी लग्नाच्या बुकिंगला आजही 'टेम्पो ट्रॅव्हलर'च म्हणतात. आपल्याकडे कॅम्पर व्हॅन म्हणून जे काही दिसतं, त्यातलं बरंचसं ह्याच गाडीच्या पोटात बसवलेलं असतं.

फिरतं घर आपल्याला नवीन नाहीच म्हणा. वारीत दिंडीमागे चालणारा तंबू-भांड्यांचा ट्रक, तमाशाच्या फडाच्या गाड्या, ऊसतोडीला बीडकडून येणारी कुटुंबं... ही सगळी चाकांवरची घरंच. फरक एवढाच की त्यांना कुणी 'कॅराव्हॅन टुरिझम' म्हटलं नाही. ते धोरण महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये आणलं.

आमच्या घरातली गाडी टुरिझमसाठी नाही, आजीसाठी आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजीला वीस-पंचवीस मिनिटांवर बसवत नाही. आडवं व्हायलाच लागतं. काकांनी जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असं बसवून घेतलं. आरटीओची मंजुरी काढली, कारण गाडीत असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. म्हणजे वीस मिनिटं बेल्ट लावून बसायचं, थांबायचं, पलंगावर पाठ टेकायची, मग पुढे. चालत्या गाडीत पलंगावर झोपणं मात्र अजिबात नाही. ब्रेक लागला की झोपलेला माणूस पुढे जातो, न्यूटनचा पहिला नियम आजीलाही लागू आहे.

आता चालवण्याबद्दल. कायद्याचं आधी उरकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'लाइट मोटर व्हेईकल'ची मर्यादा ७५०० किलो आहे, त्यामुळे खासगी वापराच्या अशा गाडीला आपलं कारचं लायसन्स चालतं. वाहतुकीच्या, म्हणजे भाड्याच्या गाडीसाठी वयाची अट २० वर्षांची. तिथेही ७५०० किलोच्या आत वेगळं लायसन्स लागत नाही असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. पण लायसन्स चालतं म्हणून आपल्याला गाडी चालवता येते असं थोडंच आहे!

मला शिकवायला काकांकडचे जुने ड्रायव्हर आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. प्रयोगशाळा म्हणजे राजारामपुरी, रविवारी पहाटे साडेपाचला. राजारामपुरीच्या गल्ल्या नंबरांच्या आणि मेन रोडला काटकोनात, म्हणजे ज्याला 'नाइन्टी डिग्री टर्न' शिकायचाय त्याच्यासाठी आयता ग्राफपेपरच. मामांचा पहिला धडा एवढाच होता : "ताई, अजून न्हाई... अजून न्हाई... आता!"

हा 'अजून न्हाई' म्हणजे निम्मं शास्त्र आहे. कारमध्ये पुढची चाकं तुमच्या बरीच पुढे असतात. ट्रॅव्हलरमध्ये ती जवळजवळ तुमच्या पायाखाली येतात. कारच्या सवयीनं कोपरा दिसताच स्टिअरिंग फिरवलं तर मागचं चाक थेट कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर. कारण हळू वळताना मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जात नाही, ते आतून शॉर्टकट मारतं. फॉर्म्युला सोपा आहे, काटकोन त्रिकोणाचाच. पुढच्या अ‍ॅक्सलची त्रिज्या R आणि व्हीलबेस L असेल, तर मागच्याची त्रिज्या म्हणजे R चा वर्ग वजा L चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. R साडेसहा मीटर धरा. लहान कारचा व्हीलबेस २.४ मीटर धरला तर मागचं चाक ४६ सेंटीमीटर आत येतं. ट्रॅव्हलरचा ३.३५ मीटर घेतला तर ९३ सेंटीमीटर. व्हीलबेस दीडपटसुद्धा नाही, पण शॉर्टकट दुप्पट! वर्गाचा खेळ आहे हा. म्हणून आधी सरळ पुढे जायचं, आपण कोपऱ्याच्या पार गेलो असं वाटायला लागलं की मग वळायचं. पहिल्यांदा हे फार विचित्र वाटतं. समोरच्या गल्लीतल्या भिंतीवर आपण चढतोय असा भास होतो आणि त्याच क्षणी मामा म्हणतात "आता".

दुसरी गोष्ट शेपटीची. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागेही गाडी सव्वा-दीड मीटर शिल्लक असते. तुम्ही उजवीकडे वळता तेव्हा ती शेपूट डावीकडे बाहेर येते. वरच्याच वळणासाठी मी हिशोब केला तर साधारण १३ सेंटीमीटर आलं. अर्धी वीत. ऐकायला काहीच नाही, पण जनता बझारच्या बाजूला रस्त्याकडेला लावलेल्या स्कूटरचा आरसा काढायला तेवढं पुरतं. त्यामुळे भिंतीला किंवा लावलेल्या गाड्यांना चिकटून उभं असाल तर एकदम फुल स्टिअरिंग मारून निघायचं नाही. आधी थोडं सरळ.

रिव्हर्स हा वेगळा विषय. मधल्या आरशात फक्त पलंग आणि पडदा दिसतो, म्हणजे तो आरसा केस नीट करण्यापुरता. उरले दोन बाजूचे आरसे, आणि मामांचा हात. एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, तसंच गाडीच्या पत्र्यावर. दोन थापा, येऊ दे. एक थाप, तिथंच थांब. कॅमेरा असला तरी मला थाप जास्त पटली, कारण कॅमेरा मागचा खांब दाखवतो, पण वरची वायर दाखवत नाही. आणि राजारामपुरीत वर बरंच काही असतं... केबलच्या वायरी, झाडाच्या फांद्या, गणपतीत मंडपाच्या कमानी. काकांनी गाडीची टपासकट उंची मोजून डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात चिकटवलीय. चांगली युक्ती आहे. कार चालवताना आपल्याला उंची हे डायमेन्शन असतं हेच आठवत नाही.

आता उंचीचाच गंभीर भाग. गाडी कलंडायला किती आडवं त्वरण लागतं ह्याचा ढोबळ अंदाज म्हणजे चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. कारसाठी १.४५ मीटर आणि ०.५३ मीटर धरा, उत्तर १.३७ येतं. म्हणजे कार कलंडायच्या आधी सहसा घसरते. व्हॅनसाठी १.६५ आणि ०.९ धरा, ०.९२. आता हौसेनं टपावर पाण्याची टाकी, सोलर, सामान चढवलं आणि मध्य १.०५ वर गेला की ०.७९. प्रत्यक्षात स्प्रिंग आणि टायर दबतात, त्यामुळे मर्यादा ह्याहूनही खाली. वळणावर काय होतं बघा : २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३१ किलोमीटरला ०.३ g लागतो आणि ४० ला थेट ०.५. नऊ किलोमीटर वाढले आणि बल जवळजवळ पावणेदोनपट. म्हणून आमच्या गाडीत जड ते सगळं खाली आहे. पाण्याची टाकी पलंगाखाली, आणि एक मोठी न ठेवता दोन छोट्या. अर्धी भरलेली मोठी टाकी सगळ्यात वाईट, कारण वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला धावतं आणि गुरुत्वमध्य स्वतःबरोबर नेतं. एक टाकी पूर्ण भरलेली आणि एक पूर्ण रिकामी, असं परवडलं.

०.३ g म्हणजे नक्की किती हे पुस्तकातून कळत नाही. आमच्याकडे त्याचं इन्स्ट्रुमेंट म्हणजे आजी. तिचा हात खिडकीच्या दांड्याकडे गेला की समजायचं, वेग जास्त आहे. ती बोलत काही नाही. हात पुन्हा मांडीवर आला की ठीक. जगात ह्यापेक्षा चांगला अ‍ॅक्सेलरोमीटर मला मिळणार नाही.

शहरात हात बसल्यावर आम्ही पन्हाळा केला. वाटेत पंचगंगा ओलांडावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये इथल्याच जुन्या शिवाजी पुलाचा दगडी कठडा तोडून मिनीबस नदीत कोसळली आणि १३ माणसं गेली. पुण्याची माणसं, गणपतीपुळ्याहून परत निघालेली. गाडी आमच्या गाडीसारख्याच वर्गातली. आता शेजारच्या नव्या पुलावरून जातो, तरी तिथे आमच्या गाडीत सगळे गप्प होतात. मी ते इथे लिहितेय कारण आकडे कागदावर करताना मागच्या सीटवर कोण बसलंय हे विसरायला होतं.

पन्हाळा चढणं सोपं, उतरणं अवघड. कोल्हापूर आणि पन्हाळा ह्यांच्या उंचीत चारशे मीटरच्या आसपास फरक आहे. गाडी साडेतीन टन धरली तर mgh म्हणजे साधारण १ कोटी ३७ लाख ज्यूल. वर चढताना डिझेल जाळून ही ऊर्जा साठवली, आता खाली येताना ती कुठेतरी टाकायची आहे. तेवढ्यात चाळीस लिटर पाणी उकळतं, म्हणजे हॉस्टेलच्या आंघोळीच्या दोन मोठ्या बादल्या, खळखळ! (आमच्या गिझरला हे जमलेलं मी अजून पाहिलेलं नाही.) सगळा घाट ब्रेकवर उतरलात तर ह्यातली बरीचशी उष्णता चार चाकांजवळच्या थोड्याशा लोखंडात जाते. लायनिंग तापलं की त्याचं घर्षण कमी होतं. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यानं हवेतली ओल शोषलेली असते, ते लवकर उकळतं, पाइपमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि चाकापर्यंत काही पोचत नाही.

उपाय जुनाच आहे. ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये उतरा. मग बरीच ऊर्जा इंजिन स्वतःच्या घर्षणात खातं, इंजिन गुरगुरतं, गुरगुरू द्या. गियर घाट सुरू व्हायच्या आधी टाका, मध्यावर नाही. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा दाबा, वेग उतरवा, सोडा, त्यांना वारा लागू द्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आणि इंजिनच बंद करणारे लोकही भेटतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर गेला आणि पॉवर स्टिअरिंगही गेलं. दहा रुपयांच्या डिझेलसाठी एवढा मोठा सौदा कोणत्या इकॉनॉमिक्समध्ये बसतो हे मामांना कळत नाही, मलाही नाही.

गाडी थांबल्यावर ती घर होते आणि तिथे दुसरीच काळजी सुरू होते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे कॅराव्हॅनमध्ये झोपलेले दोघे जण कार्बन मोनॉक्साइडनं गेले. वायू जनरेटरचा होता. ह्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जोरानं धरून ठेवतं. म्हणजे बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेणं नाही, एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं नाही, जनरेटर तर नाहीच नाही. आम्ही वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवतो, डिटेक्टर लावलाय, आणि सिलिंडरचा रेग्युलेटर गाडी निघायच्या आधी बंद. हे शेवटचं काम आजीकडे आहे. ती स्वतः हात लावून बघितल्याशिवाय निघू देत नाही.

पन्हाळ्यावर सपाट जागा शोधायला वेळ लागतो. अर्धी भरलेली पाण्याची बाटली फरशीवर आडवी ठेवली की उतार कळतो. आजीचं डोकं उताराकडे येऊ नये म्हणून गाडी दोनदा फिरवली. हँडब्रेक, पहिला गियर, आणि चाकामागे अडण. घाटात लोक त्यासाठी दगड लावतात आणि निघताना तो रस्त्यातच सोडून जातात, रात्री मागून येणारा बाइकवाला त्यावर जातो. मामांकडे त्याच्याऐवजी लाकडाचा ठोकळा आहे. त्याला लांब दोरी बांधलेली, आणि दोरीचं दुसरं टोक स्टिअरिंगला. ठोकळा उचलून आत घेतल्याशिवाय दोरी सुटत नाही.