साक्षीची घाई नको

पोरी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी तुम्ही दोघं व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी सहभागिता सुरू करताय, हे कळलं. पेटी आहे, सतरंज्या आहेत, पाळकसाहेबांचा होकारही आहे. आता मामाला विचारतेस, काय काय सांभाळायचं? मी पाळक नाही, समुपदेशकही नाही. मिशन दवाखान्यात कंपाउंडर म्हणून उमेदीची वर्षं गेली आणि उरलेला वेळ मंडळीच्या वडीलमंडळात. त्यामुळे माझं सांगणं अर्धं औषधाच्या खोलीतलं असणार, अर्धं चर्चच्या मागच्या बाकावरचं.

औषधाच्या खोलीतलं आधी. रोज पिणारा माणूस प्रार्थनासभेत उठतो, रडतो, म्हणतो, ‘आजपासून सोडली.’ लोक हालेलुया म्हणतात. तू मात्र त्याच्या बायकोला बाजूला घे आणि विचार: रोज किती घेतो? सकाळी उठल्या उठल्या लागते का? मागे कधी बंद केली तेव्हा झटके आले होते का? सकाळची लागत असेल तर त्याला तसाच घरी पाठवू नका, डॉक्टरकडे न्या. वर्षानुवर्षं मुरलेली दारू एकाएकी तुटली की शरीर बंड करतं. आमची जुनी मेट्रन नव्या नर्सपोरींना शिकवायची, ‘पहिल्या रात्री हात बघा, दुसऱ्या रात्री झटक्यांवर लक्ष, तिसऱ्या रात्री डोळे बघा.’ ते तिसऱ्या रात्रीचे डोळे मी पाहिलेत. माणूस चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचत असतो. घामाने गादी भिजलेली, आणि हा अंगात नसलेल्या शर्टाची बटणं लावतोय, कारण त्याला ड्युटीवर जायचंय. नातेवाईक म्हणतात, बाहेरचं लागलं. प्रार्थनेला आलेले काही भाऊ म्हणतात, दुष्टात्मा आहे, ओरडून घालवू. अगं, तो डिलिरिअम असतो. त्यात माणूस दगावतो, आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुधा तोच माणूस आठवड्याभरात पोहे मागतो. प्रार्थना जरूर करा, पण दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून करा.

याच कारणासाठी त्याच्यावर उपवास-प्रार्थना लादायची नाही. आपल्याकडे ही फार वाईट खोड आहे: सोडायची शपथ घेतली की लगेच तीन दिवसांचा उपवास. आधीच त्याच्या पोटात काही टिकत नसतं. उपवास तुम्ही धरा, त्याला पेज द्या. आणि डॉक्टरांशी खोटं बोलायचं नाही. घरचे लाजेपायी ‘अशक्तपणा आलाय’ एवढंच सांगतात आणि मग ग्लुकोजची बाटली लागते. दारुड्याच्या शरीरात बी-वन जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. ‘रोज पितो’ हे दोन शब्द डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवेत.

आणखी एक चोरटा उद्योग. चहातून गोळी. कोणीतरी बाईला सांगतं, अमुक गोळी कुटून घाल, त्याला कळणारसुद्धा नाही. त्या बहुतेक वेळा डायसल्फिरामच्या गोळ्या असतात. पोटात ती गोळी असताना वर दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. औषध म्हणून ते चांगलं आहे, पण माणसाने स्वतः, समजून-उमजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं. चोरून दिलेली गोळी एक दिवस उघडी पडते, आणि मग तो घरच्या चहालाही हात लावत नाही.

आता मागच्या बाकावरचं. साक्षीची घाई करू नका. हे मी मंडळीत इतक्या वेळा बोललोय की लोक मला मंडळीतला थंड माणूस म्हणतात. म्हणोत. सोडून दोन महिने झालेल्या पोराला वार्षिक मेळाव्यात माइक देतात, तो पूर्वी किती प्यायचा ते रंगवून सांगतो, टाळ्या पडतात, फोटो निघतात. त्याच्यासाठी तो दिवस घातक. एक तर आपण पार बरे झालो असं त्याला वाटायला लागतं. आणि पुढे पाय घसरला तर ज्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तोंड दाखवायला नको म्हणून तो चर्चच सोडतो. दारूने नेला नसता तो शरमेने जातो. त्याची साक्ष हॉलमध्ये होऊ दे, आठ-दहा जणांत, त्याच रोगातून गेलेल्यांसमोर. व्यासपीठ वर्षभर तरी लांब ठेवा.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या संस्थेचा बिल विल्सन आठव. 1934 च्या नोव्हेंबरात त्याचा जुना दारूचा सोबती एबी त्याच्या घरी आला आणि ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती सहभागितेत आपली दारू कशी सुटली ते त्याने सांगितलं. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या इस्पितळात बिलला खोलीभर उजेड पडल्यासारखा मोठा अनुभव आला आणि त्याची सुटली. इथवरची गोष्ट आपले लोक चवीने सांगतात. पुढची कोणी सांगत नाही. 1935 च्या मे महिन्यात तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी एका धंद्याच्या कामाला गेला, काम फिसकटलं, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार. त्या घटकेला जुना उजेड पुरला नाही. आपल्यासारखाच एखादा दारुडा शोधून त्याच्याशी बोललं तरच आपण वाचू, हे त्याला उमगलं. लॉबीतल्या यादीवरून त्याने चर्चच्या धर्मगुरूला फोन लावला, त्यातून माणसामागून माणूस करत तो डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या शल्यचिकित्सकापर्यंत पोचला. बॉबने पंधरा मिनिटं देतो म्हटलं होतं. संध्याकाळी पाचला बसलेले ते दोघे रात्री अकरानंतर उठले. आणि ज्या एबीच्या साक्षीने हे सगळं सुरू झालं, तो पुढे स्वतः पुन्हा प्यायला लागला. बिल शेवटपर्यंत त्याला आपला स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा, म्हणत राहिला, ही गोष्ट मला त्या उजेडाच्या अनुभवापेक्षा मोठी वाटते.

तर तुमच्या शुक्रवारात भाषण कमी, बोलणं जास्त. वेळ साडेसहाची ठेवा. सात वाजता त्याचे पाय आपोआप दुकानाकडे वळतात, त्या घटकेला तो आपल्यात बसलेला असला पाहिजे. आल्या आल्या खायला द्या. उपमा, भेळ, काहीही, आणि गूळ घातलेला चहा. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चार वाटांनी दारू परत येते असं या क्षेत्रातले लोक सांगतात. त्यातली पहिली वाट बंद करणं सगळ्यात स्वस्त. रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन टाळ-पेटीवर होऊ द्या, त्याने घसा मोकळा होतो. सतरंज्या घालायचं काम नव्या माणसाकडे द्या, म्हणजे तो सगळ्यांच्या आधी येईल. दानार्पण मोजायचं काम मात्र त्याच्याकडे नको. अविश्वास म्हणून नव्हे गं, कशाला उगाच परीक्षा बघायची? हल्ली मोबाइलवरून दारूच्या दुकानातही पैसे देता येतात, त्यामुळे ‘त्याच्या हातात पैसे देऊ नका’ ही आमच्या काळातली युक्ती चालत नाही.

प्रभुभोजनाचा प्याला. दारू सोडलेल्याने तो घ्यायचा का, हा प्रश्न तुला विचारतीलच. मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्चने 1869 मध्ये द्राक्षरस तापवून तो आंबू न देता टिकवला, तोही प्रभुभोजनासाठीच. आपल्या मंडळीत मी मनुकांचा रस करत आलोय. आदल्या रात्री काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, पहाटे त्याच पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायच्या, हाताने कुस्करून धुवट मलमलीतून गाळायच्या. मलमल पिळली की शेवटचा दाट रस उतरतो, रंग त्यातच असतो. त्याच दिवशी संपवायचा. उन्हाळ्यात उरलेला बाटलीत ठेवलास तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे धरतो, आणि मग ज्याच्यासाठी केला त्यालाच तो चालत नाही. एखादं कॅथलिक कुटुंब आलं तर त्यांना सांग, त्यांच्या चर्चच्या शिकवणीप्रमाणे नुसत्या भाकरीतही पूर्ण ख्रिस्त मिळतो, प्याला घेतलाच पाहिजे असं नाही. ‘काना गावच्या लग्नात प्रभूनेच पाण्याचा द्राक्षारस केला’ आणि ‘पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगितला’ असं कोणी ऐकवलं, तर वाद घालत बसू नकोस. शास्त्र पाठ असलेले दारुडे मी पुष्कळ पाहिलेत.

प्रार्थनेचे विषय सांभाळून माग. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अमुक भावासाठी प्रार्थना करा, पुन्हा पडला आहे’ असं टाकलं की ती प्रार्थना राहत नाही, संध्याकाळपर्यंत शहरभर, तारकपूरपासून केडगावपर्यंत, चर्चा होते. हॉलमधलं हॉलमध्ये. नाव घ्यायचं नाही, गाव घ्यायचं नाही.

बायकांसाठी वेगळी बैठक हवीच, आणि तिथे तुझं काम जास्त. बिलची बायको लोइस हिने 1951 मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन उभं केलं, ते उगाच नव्हे. आपल्याकडे मार खाऊन आलेल्या बाईला सात वेळा सत्तर क्षमेचा दाखला देऊन परत पाठवतात. तसं तुझ्या हातून होऊ नये. क्षमा ती तिच्या वेळेने करेल, आज रात्री झोपायला सुरक्षित जागा कुठे आहे ते आधी बघ. त्याची वाण्याकडची उधारी तिने फेडू नये, त्याच्या साहेबाला ‘ताप आहे’ असा फोन करू नये. सोडल्यावर उधारी तोच फेडेल, महिन्याला दोनशे का होईना. पश्चात्तापाची ती सगळ्यात खरी पावती.

आणि तो घसरेल. सगळेच नाही, पण बरेच. डॉक्टर बॉबसुद्धा बिलच्या भेटीनंतर एका वैद्यकीय परिषदेला गेला आणि पिऊन परतला. त्याचा शेवटचा घोट 10 जून 1935 चा, आणि तोच दिवस त्यांची संस्था जन्मदिवस मानते. पिऊन आला तर मागे बसू द्या, बोलू देऊ नका, भांडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीत असताना, दोघांनी घरी जायचं. दर वेळी तेच दोघे नकोत. पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून येशूपुढे सोडणारे चौघे होते, मार्काने आकडा उगाच दिलेला नाही. एकट्याने उचललंस तर वर्षभरात तूच आजारी पडशील. चौघांचे फोन नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा.

आपलं घर ते सगळ्या जगाचं घर नव्हे. जास्त बिघडलेल्यांना पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाठव. 1986 मध्ये अवचट पती-पत्नींनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून ते उभं केलं. किंवा फादर जो परेरांच्या कृपा फाउंडेशनमध्ये. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 1981 मध्ये त्यांनी काम सुरू केलं, आणि अय्यंगारांची योगासनं उपचारात आणली. आसनं म्हटल्यावर आपल्या वडीलमंडळातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. एएवाल्यांनी हॉल मागितला तर द्या, आणि त्यांनी भाडं देऊ केलं तर घ्या. स्वतःचा खर्च स्वतः करायचा हा त्यांचा नियम आहे, फुकट दिलंत तर ते अवघडतील. त्यांच्या सभेत येशूचं नाव घेत नाहीत म्हणून नाक मुरडू नका. सोमवारी तिथे आणि शुक्रवारी इथे बसणारा माणूस जास्त टिकतो, हा माझा अनुभव.

डिसेंबरची तयारी मात्र आत्तापासून कर. कॅरलच्या फेरीत त्याला एकटा सोडायचा नाही, आणि कुठल्या घरी करंज्यांबरोबर आणखी काय पुढे येतं ते आपल्याला ठाऊक आहे, ती घरं यादीत शेवटी टाक. सगळ्यात अवघड रात्र 31 ची. वर्षअखेरची उपासना साडेबाराला सुटते आणि पोरं मोटारसायकली काढतात. त्या रात्री हॉलला कुलूप लावू नका, सकाळपर्यंत चहा चालू ठेवा. कॅरमबोर्ड माझ्या माळ्यावर आहे, सोंगट्या पूर्ण आहेत. पावडरचा डबा तेवढा तुम्ही आणा.