उपऱ्याचा सरवा



निर्वासितांसाठी प्रार्थना करताना आपण या आठवड्यात रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचू या.

रूथ मवाबी, म्हणजे परक्या देशाची. नवरा वारलेला. सासू नामीबरोबर ती बेथलेहेमला आली आणि बवाजच्या शेतात सरवा वेचू लागली. ही भीक नव्हती. शेताचे कोपरे कापू नयेत, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये, ते उपरी, पोरका व विधवा यांचे आहे, असा नियमच होता (लेवीय १९, अनुवाद २४). तरी रूथने आधी परवानगी मागितली. हक्काचे मागतानाही परका माणूस बिचकतो.

असे उपरी आपल्या राज्यातही आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. (थंडीत स्वेटर विकणारे तिबेटी आपण शहरात पाहिले असतील.) १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे त्यांचा आधार सरकारी धोरणच. रेशन, रोजगार हमी, घरकुल या योजना त्यांनाही द्याव्यात, असे केंद्राने राज्यांना सांगितले ते २०१४ च्या पुनर्वसन धोरणात. दलाई लामा भारतात आले १९५९ मध्ये. मदत आधीही होती, पण सरव्याचा नियम लिहायला पंचावन्न वर्षे लागली!

ब्रिटनमध्ये हक्क लवकर मिळतो, पण मध्ये खड्डा आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत सरकार राहायला जागा व थोडा भत्ता देते. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली की तो बंद होतो. त्यासाठी अनेक वर्षे २८ दिवसांची मुदत होती. नवीन भत्त्याचा पहिला हप्ता मात्र अर्जानंतर साधारण पाच आठवड्यांनी येतो. बिनव्याजी कर्ज मागता येते, पण ते फेडायचे असते. म्हणजे आनंदाचे पत्र हाती आले आणि महिन्याभरात माणूस रस्त्यावर, असे घडते. डिसेंबर २०२४ मध्ये ५६ दिवसांचा प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी एकट्या प्रौढांसाठी पुन्हा २८ दिवस झाले.

बवाजने रूथला एका दिवसापुरते दिले नाही. दुसऱ्या शेतात जाऊ नको, असे त्याने तिला सांगितले, आणि जवाची व पुढे गव्हाची कापणी संपेपर्यंत ती तेथेच वेचत राहिली. मध्ये खंड पडला नाही.

चिंचपाड्याहून ऊसतोडीला गुजरातेत गेलो की आपणच उपरी ठरतो. ऑगस्ट २०१९ पासून आपल्या अंत्योदय वा प्राधान्य रेशन कार्डावर तेथील रास्त भाव दुकानातही धान्य मिळू शकते. निघण्याआधी घरातील सर्वांचे आधार कार्ड रेशनला जोडलेले आहे का, ते येथील दुकानदाराकडून पाहून घ्यावे.