लघुउद्योगाचा वारसा : धानगिरणीचे उदाहरण

गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या धावपट्टीमुळे परिचित झाले. परंतु या परिसराचे अर्थकारण उभे आहे ते धानावर. शेतकऱ्याचा धान गोंदियाच्या राईस मिलमध्ये भरडाईस जातो आणि हमाल, ट्रकचालक, अडते, कोंडा व कणकी घेणारे अशा अनेकांचा उदरनिर्वाह त्यावर चालतो. अशा अनेक गिरण्या एकाच कुटुंबाच्या किंवा दोन-तीन भागीदारांच्या असतात. म्हणूनच मालकाच्या पश्चात गिरणीचे काय होणार, हा केवळ घरगुती प्रश्न राहत नाही.

मालमत्ता मिळते, व्यवसाय मिळत नाही

एकल मालकीच्या व्यवसायास कायद्याच्या दृष्टीने मालकाहून वेगळे अस्तित्व नसते. मालक निधन पावताच त्याच्या नावाचे बँक खाते गोठते. वस्तू व सेवा कराची नोंदणी वारसास स्वतःच्या नावाने नव्याने करावी लागते. शिल्लक राहिलेले कर-क्रेडिट विहित अर्जाद्वारे वर्ग करून घेता येते. हे सारे ऐन हंगामात घडले, तर गिरणीची चाके थांबतात.

त्याहून गंभीर प्रश्न वाटणीचा असतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाच्या स्वतंत्र मालमत्तेत विधवा, माता, मुलगे व मुली यांचा समान हक्क असतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलींना जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये केली. तेव्हा वर्षानुवर्षे गिरणी सांभाळणारा मुलगा एकटाच तिचा मालक ठरत नाही. बँक खात्यावरील नामनिर्देशित व्यक्तीदेखील वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी असते. तेवढ्याने ती मालक होत नाही.

लेखी तरतूद

यावर पहिला उपाय मृत्युपत्राचा. त्यास मुद्रांक लागत नाही व नोंदणीही ऐच्छिक आहे. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य आहेत. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे करारात वेगळी तरतूद नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. म्हणून संस्था पुढे चालू राहील, मृताचा हिस्सा कोणत्या रीतीने मोजला जाईल व किती मुदतीत दिला जाईल, हे करारात नमूद असावे. भागीदार दोनच असतील तर एकाच्या पश्चात भागीदारी उरतच नाही. अशा संस्थेने पुढील पिढीतील व्यक्तीस वेळीच तिसरा भागीदार करून घेणे इष्ट. २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी आणि २०१३ च्या कंपनी कायद्यातील एकल व्यक्ती कंपनी, हेही पर्याय उपलब्ध आहेत. एकल व्यक्ती कंपनीत तर पुढील सभासदाचे नामनिर्देशन आरंभीच करावे लागते.

ज्ञानाचे हस्तांतर

कागदपत्रे पूर्ण झाली तरी कसब उरतेच. शासकीय भरडाईत सर्वसाधारणपणे १०० किलो धानामागे ६७ किलो अरवा किंवा ६८ किलो उसना तांदूळ द्यावा लागतो. खरेदीच्या निकषांनुसार धानातील ओलावा १७ टक्क्यांहून अधिक चालत नाही. धान फार सुकला तर दाणा तुटून कणकी वाढते. ओला राहिला तर साठवणीत बिघडतो. दाणा दाताखाली धरून ओल ओळखणे, रबराचे रोलर केव्हा बदलावे हे जाणणे, कोणाची उधारी कधी वसूल होते याचा अंदाज असणे, ही विद्या कोणत्याही दस्तऐवजात उतरत नाही. वारसाने दोन-तीन हंगाम प्रथम यंत्रावर, मग खरेदीवर व शेवटी हिशेबावर काम करावे आणि ज्येष्ठांनी आपल्या देखत त्यास निर्णय घेऊ द्यावेत. हा वारस मुलगी किंवा सूनही असू शकते. घरात कोणी इच्छुक नसल्यास विश्वासू कामगारास भागीदार करता येते किंवा चालू स्थितीतील गिरणी विकता येते. बंद पडलेल्या गिरणीस मात्र भंगाराचाच भाव येतो.

गावपातळीवरील कार्य

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद कर आकारणीसाठी असते. ती मालकीचा पुरावा नव्हे, हे सदस्यांनी ग्रामसभेत समजावून सांगावे. शिक्षकांनी वरच्या वर्गांत जमाखर्च व करारपत्र यांचा परिचय करून द्यावा. कर्जप्रकरणे हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी अर्जदारास यंत्रसामग्रीबरोबरच उत्तराधिकाराविषयीही विचारणा करावी. पेरणीपूर्वी बियाणे राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास ही दूरदृष्टी नवी नाही; ती गिरणीच्या आणि दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली पाहिजे.