सहा सफाऱ्या की तीन?

प्रश्न : मे महिन्यात आईबाबांना (दोघंही सत्तरीचे) ताडोबाला न्यायचंय. तीन दिवस, सहा सफाऱ्या असं पॅकेज मिळतंय. घ्यावं का?

उत्तर : नको. पहाटे चारला उठायचं, जिप्सीत चार तास हादरे खायचे, जेवून पाठ टेकते न टेकते तोच दुपारची फेरी. त्यात चंद्रपूरचा मे! तिसऱ्या दिवशी वाघ समोर असतानाही डोळे मिटतात. माझे मिटले आहेत.

तीनच सफाऱ्या घ्या, सकाळच्या. एखादी बफरमध्ये, म्हणजे कोअरच्या (गाभ्याच्या जंगलाच्या) भोवतालच्या पट्ट्यात. गाइडला निघतानाच सांगा, ‘वाघ नाही दिसला तरी चालेल, पाणवठ्यावर थांबू.’ नाहीतर कुणकुण लागली की गाडी भरधाव सुटते आणि पदरात पडते धूळ. इंजिन बंद करून बसलात की थोड्या वेळाने सातभाईंचा कलकलाट ऐकू येतो. झाडावरचं वानर एकाच दिशेला टक लावून खाकरत राहिलं, तर तिकडेच बघा. वाघ किंवा बिबट्या बहुधा तिथेच असतो. चितळाचं ओरडणं तितकं भरवशाचं नाही, ते उगाचही बिचकतं.

मंगळवारी कोअर बंद असतो. तो मधे आला तर उत्तमच, आईबाबा झोपतील.