खुर्द्याची टंचाई आणि वाण्याची चिठ्ठी

दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, देशभर खुर्द्याची टंचाई पडली. तांबे युद्धकामी लागले आणि लोकांनीही नाणी साठविली. आपले उचगाव तेव्हा मुंबई प्रांतातील बेळगाव जिल्ह्यात होते. चलन साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाचे एकच. ठिकठिकाणच्या दुकानदारांनी मोड म्हणून चिठ्ठ्या, बिल्ले, टपालाची तिकिटेसुद्धा दिली. १९४३ त सरकारने तांबे वाचविण्यासाठी भोकाचा पैसा काढला.

नाण्यामागे सरकार असते. चिठ्ठीमागे केवळ दुकानदाराची पत. वाण्याच्या चिठ्ठीवर त्याच्याकडे मीठ मिळे, पण गिरणीत दळण होत नसे. दुकान बुडाले, तर गरिबाच्या हाती नुसता कागद उरे. म्हणून आम्हांस वाटते, दुसऱ्याचा पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने, न्यासानेही, आपला शब्द नाण्यासारखा खणखणीत ठेवावा.