दुखतंय, हे खुर्चीतच सांगा

माझ्या मुलीच्या दातांना तारा लावायच्या होत्या. जबडा लहान, दात दाटीवाटीने आलेले, म्हणून आधी चार उपदाढा काढायचं ठरलं. पहिल्या खेपेला उजव्या बाजूच्या दोन. वरची सहज निघाली. खालचीला चिमटा लागला तसा तिने खुर्चीचा हात गच्च धरला, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही. "झालंच बघ, शूर आहेस ना तू," असं म्हणत काम उरकलं गेलं. रात्री ती म्हणाली, "आई, खूप दुखलं गं. मला वाटलं, भूल दिली तरी एवढं दुखतच असेल."

एवढं दुखत नसतं. आपल्याकडे सोसणाऱ्या मुलाचं कौतुक होतं आणि मुलं तेच शिकून दवाखान्यात जातात, म्हणून हे लिहितेय. भुलीसाठी दिलं जाणारं लिग्नोकेन १९४० च्या दशकापासून वापरात आहे. दात काढताना दाब जाणवतो, ओढ जाणवते, करकर आवाज येतो. भूल या गोष्टी पुसून टाकत नाही. मात्र कळ गेली किंवा तीक्ष्ण टोचलं, तर भूल पुरेशी चढलेली नाही, आणि ती वाढवता येते. हा फरक मुलांना घरीच समजावून सांगा.

खालच्या जबड्यात असं जास्त होतं. वरचं हाड पातळ आणि सच्छिद्र, त्यामुळे दाताजवळ दिलेलं औषध आत झिरपतं. खालचं हाड जाड, म्हणून अनेकदा मागे, नस जबड्यात शिरते तिथे सुई द्यावी लागते. नेमकी जागा थोडी चुकली तरी परिणाम कमी होतो. हिरडी सुजलेली, पू झालेला असेल तरीही भूल नीट लागत नाही. अशा वेळी आधी सूज उतरू देणं बरं.

डाव्या बाजूच्या वेळी आम्ही आधीच बोललो. डॉक्टर सुई दिल्यावर थांबले, हिरडीला टोकदार सळईने टोचून पाहिलं. अर्धा ओठ बधिर होता, तरी दाताशी तिला कळत होतं. तिने ठरल्याप्रमाणे हात वर केला. आणखी थोडं औषध, पुन्हा थोडा वेळ, मग दात निघाला. तेव्हा तिचा हात सैल होता.

काहींना तार ओढण्यासाठी हाडात छोटा स्क्रू बसवतात. तिथे भूल बेतानेच देतात, कारण स्क्रू शेजारच्या मुळाला टेकला तर रुग्णाला ते कळायला हवं. तिथे गप्प बसणं तर फारच नुकसानीचं.

तारा लावणारे आणि दात काढणारे डॉक्टर पुष्कळदा वेगळे असतात. पिंपरीच्या दंत महाविद्यालयातही हे विभाग वेगळे आहेत. म्हणून मुलाचं वजन, दमा, हृदयाचा त्रास, चालू औषधं, आधीच्या सुईनंतर काही झालं असेल तर ते, सगळं दोघांनाही सांगा. मात्रा वजनावर ठरते. औषधात ॲड्रेनलिन असेल तर थोडा वेळ छाती धडधडते. ती ॲलर्जी नव्हे, पण सांगायचं.

आमच्या भागात चाकणच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटल्यावर रात्री उशिराची वेळ घ्यायची पद्धत आहे. मी म्हणेन, कारखान्याच्या गुरुवारच्या सुट्टीची सकाळ घ्या. ओठ तीन ते पाच तास बधिर राहू शकतो. मूल त्याच अवस्थेत झोपलं की ओठ चावून ठेवतं, आणि गरम चहाने भाजलं तरी कळत नाही. रिकाम्या पोटीही नेऊ नका, भोवळ येते.

पुढे तार कसल्यावर जे ठणकतं त्याला सुई लागत नाही. दुसऱ्या दिवशी ते सर्वाधिक असतं, आठवडाभरात ओसरतं. मऊ भात आणि डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल पुरतं. मात्र दात काढल्याच्या दुसऱ्या दिवशीही ओठ बधिरच असेल, किंवा सूज वाढून ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.