बंगळूर शहरातील दुष्फेन पाणी

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठाराच्या माथ्यावर वसले आहे. कोणतीही मोठी नदी त्याच्या जवळून वाहत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची तहान मुख्यतः अर्कावती नदीवरील जलाशयांवर भागत असे. कावेरीचे पाणी शहरात प्रथम आले ते १९७४ साली, आणि तेही सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, सुमारे ५०० मीटर उंच उपसून. शहर मात्र जलवाहिन्यांपेक्षा वेगाने पसरत गेले. जेथे कावेरी पोहोचली नाही तेथे लोकांनी विंधन विहिरी घेतल्या. पुष्कळ घरांत आज दोन्ही पाणी एकाच भूमिगत टाकीत पडते आणि एकाच नळातून बाहेर येते. आज कोणते पाणी आले, हे गृहिणीला प्रयोगशाळेवाचून कळते. साबणाला फेस आला नाही आणि तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही टणक राहिली, की ते पाणी विहिरीचे.

ज्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार बरेच विरघळलेले असतात, त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. असे पाणी चुनखडीच्या प्रदेशातच सापडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बंगळूरखाली चुनखडी नाही. तेथे आहे तो अतिप्राचीन पट्टिताश्म आणि ग्रॅनाइट. पण मातीतून झिरपताना पावसाचे पाणी कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील फेल्स्पार, हॉर्नब्लेंड यांसारखी खनिजे फार सावकाश झिजवते. त्यातून सुटलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्यात उतरतात. पाणी भेगांमध्ये जितका अधिक काळ राहील तितका त्याचा दुष्फेनपणा सहसा वाढतो. हजार फुटांच्याही खाली गेलेल्या विहिरीतून आपण एका परीने खडकाचा अर्कच उपसत असतो. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाच्या प्रदेशात अनेक गावांना असेच पाणी मिळते, त्याचे कारणही याहून फारसे निराळे नाही.

दुष्फेनपणा मोजताना सर्व क्षारांचा हिशेब कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मांडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतो. उदाहरणादाखल ४०० मिलिग्रॅमचे पाणी घेऊ. साबणाचा कण अशा पाण्यात गेला की तो प्रथम कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका बनतो. सारे कॅल्शियम व मॅग्नेशियम असे संपल्यानंतरच फेस येऊ लागतो. पंधरा लिटरच्या एका बादलीत फेस येण्यापूर्वीच सुमारे ३५ ग्रॅम शुद्ध साबण वाया जातो. तो साका कपड्यांत राहून त्यांना पिवळट व खरखरीत करतो आणि केसांना चिकटून त्यांचे तेज घालवतो. कृत्रिम प्रक्षालकांची भुकटी या बाबतीत बरीच सरस ठरते.

पाणी तापले की विरघळलेल्या बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर साचतो. चहाच्या भांड्यातील थर डोळ्यांना दिसतो, गीझरमधला दिसत नाही. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने वीज अधिक खर्च होते आणि तापकाची दांडी लवकर निकामी होते. बंगळूरच्या गच्च्यांवर सौर उष्णजलयंत्रे मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्या तांब्याच्या बारीक नळ्याही याच थराने हळूहळू बुजतात, आणि फुकटच्या उन्हाचा लाभ घरमालकाला मिळेनासा होतो.

डाळ न शिजण्याचे कारण वेगळे आहे. दाण्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. पाण्यातील कॅल्शियम त्या पेक्टिनला अधिक घट्ट करते, त्यामुळे दाणा विरघळून एकजीव होत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. तीत डाळीतील ब-१ जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

असे पाणी पिण्याने मूतखडा होतो, हे भय घरोघरी ऐकू येते. त्यास पुरेसा शास्त्रीय आधार मिळालेला नाही; उलट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही शरीराला लागणारीच द्रव्ये आहेत. दुष्फेन पाण्याचा खरा उपद्रव शरीरापेक्षा संसाराच्या खर्चाला अधिक होतो.

उकळण्याने केवळ बायकार्बोनेटमुळे आलेला दुष्फेनपणा जातो. सल्फेट व क्लोराइड यांमुळे आलेला जात नाही. म्हणून अनेक घरांत आयन-विनिमयाचे यंत्र बसवले जाते. त्यातील राळेचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात व त्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. मण्यांची शक्ती संपली की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी प्रमाणाने चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर पाणी लागते. वर भरलेल्या ४०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने वर्षाला सुमारे ७९ किलो क्षार काढायचे, तर रासायनिक गणिताने निदान ९२ किलो मीठ हवे. प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक लागते. हे सारे मीठ मोरीवाटे बाहेर जाते. मोठ्या निवासी संकुलांत सांडपाणी शुद्ध करून बागेला घालतात, पण त्या शुद्धीकरणात मीठ निघत नाही. झाडांच्या मुळांशी ते साचते, आणि चिकणमातीत सोडियम वाढले की माती घट्ट होऊन पाणी मुरू देत नाही. घरातला उपद्रव अशा रीतीने अंगणात जातो.

निसर्गाचे सुफेन पाणी मात्र वर्षातून काही महिने छपरावरच पडत असते. बंगळूरमध्ये २००९ साली कायद्याने ठरावीक आकाराच्या भूखंडांवरील इमारतींना पर्जन्यजल-संचय सक्तीचा झाला. छपराचे पाणी गाळून टाकीत घेतले आणि विहिरीच्या पाण्यात निम्मे मिसळले, तर ४०० मिलिग्रॅमचा दुष्फेनपणा जवळजवळ २०० वर येतो, आणि त्यासाठी मीठ लागत नाही. डाळीपुरते पाणी तर एका मध्यम पिंपातही मावते.